दोनशे मायक्रॉनची ऊब

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत बरीच वर्षं माझी ओळख 'प्लास्टिकवाल्या मॅडम' अशी होती. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी मला बादल्यांचे भावही विचारले होते. मी बादल्या विकत नव्हते. मी शेतात पॉलिहाऊस उभी करत होते. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं प्लास्टिक आणि आत डच गुलाब, जरबेरा नाहीतर रंगीत ढोबळी मिरची. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढची पंधरा-सोळा वर्षं हेच केलं. शेतकीची पदवी होती, कंपनीला शेतकऱ्याशी बोलणारं कुणीतरी हवं होतं आणि मला शिडीवर चढायची लाज वाटत नव्हती. माझी पात्रता एवढीच.

हे प्लास्टिक दोनशे मायक्रॉन जाड असतं, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढं. धंद्यात त्याला 'कागद'च म्हणतात. पोस्टकार्डाच्या जाडीचा अडसर, आणि त्याच्या अलीकडे एक हवामान, पलीकडे दुसरं. जानेवारीतल्या सकाळी पहिल्यांदा आत शिरले तेव्हा माझा चष्मा क्षणात पांढरा झाला. मी तो पुसला आणि पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा आत आले. खरंच होतं. शेकडो वेळा पाहूनही ते नवल माझ्यापुरतं जुनं झालं नाही.

बाजूंना पडदे असतात, ते हँडल फिरवून वर गुंडाळायचे. ऊन चढलं की वर, दिवस कलला की खाली. अर्धी विद्या त्या हँडलमध्ये आहे, आणि लोक नेमकं तेच विसरतात. ओझरकडच्या एका गृहस्थांनी ऐन एप्रिलमध्ये फोन केला, "मॅडम, तुमच्या घरात माझा गुलाब शिजला." मी विचारलं, पडदे उघडले होते का? ते म्हणाले, "उघडले तर ऊब बाहेर जाईल ना! उबेचेच पैसे दिलेत ना आम्ही?" दिंडोरीच्या एका घरी उन्हाळ्यात पॉलिहाऊस रिकामं होतं, तर तिथल्या वहिनींनी आत कुरडया घातल्या. दुपारपर्यंत खणखणीत वाळल्या. आम्ही रोपं लावायला गेलो तर आत सगळ्या गल्लीचं वाळवण आणि दारात वहिनी उभ्या. "अजून आठ दिवस थांबा, सांडगे राहिलेत." आठ दिवस थांबलो.

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ झाली, पण सांगायचं आहे ते अंजनाबाईंचं. तिथे चूक माझी होती आणि माझ्या धंद्याचा अर्थही मला तिथेच कळला.

अंजनाबाई निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या गावच्या. चाळिशीच्या आत नवरा गेलेला, मूलबाळ नाही. शेती थोरल्या दिरांबरोबर सामाईक. दीर म्हणजे दामूअण्णा, गावातले नावाजलेले बागायतदार. अंजनाबाईंनी आयुष्यभर त्यांच्या बागेत विरळणी आणि घड औषधात बुडवायचं डिपिंग केलेलं. मग एकदा शेतकरी सहलीत त्यांनी कुणाचं तरी गुलाबाचं पॉलिहाऊस पाहिलं आणि घरी येऊन आपल्या वाटणीच्या वीस गुंठ्यांवर तेच हवं म्हणून बसल्या. दामूअण्णा माणूस वाईट नव्हता, पण द्राक्षापलीकडे शेती असते हे त्याला मान्य नव्हतं. त्याने माझ्यासमोरच शब्द दिला. शब्द कसला, अटच.

"एक हिवाळा घे. फेब्रुवारीपर्यंत फुलं बाजारात गेली तर तुझी जागा तुला. नाय गेली तर हा मांडव खाली आन् तिथं द्राक्षाचं खुंट लागंल. मंजूर?"

"मंजूर," अंजनाबाई म्हणाल्या. डोक्यावरचा पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "ताई, लिवून घ्या."

मी कशावर लिहून घेणार होते? पण डायरी काढली आणि तारीख टाकून लिहिलं.

सांगाडा उभा राहिला आणि गणपतीच्या आधी कागद ओढायचा दिवस आला. हे काम उजाडता उजाडता करायचं असतं. नऊ-साडेनऊपर्यंत वारा पडलेला असतो. एकदा उठला की दहा माणसांच्या हातातला कागद शिडासारखा फुगतो. आमचा मुख्य फिटर बशीरभाई, मालेगावचा. वारा उठण्याआधी पाच मिनिटं त्याला कळायचं, कसं ते त्यालाच माहीत.

कागदाला दोन बाजू असतात, आणि पुढचं सगळं त्यावरच आहे. आतल्या बाजूला एक लेप असतो. रात्री आतली वाफ गार कागदाला लागते आणि तिचं पाणी होतं. लेप असला तर ते पाणी थेंब न धरता पातळ पसरतं आणि उतारानं कडेला वाहून जातं. लेपाची बाजू वर गेली की खाली थेंब धरतात आणि पहाटे टपटप पिकावर पडतात. गुलाबाच्या कळीला हे अजिबात चालत नाही. पाकळीवर डाग, डागावर राखाडी बुरशी, आणि कळी कचऱ्यात. बाजू ओळखायला काठावर बारीक छापील ओळ असते. आत उभं राहून वर पाहिलं की ती सुलट वाचता आली पाहिजे.

कागद ओढण्याआधी पूजा होतेच. विटांवर रोल ठेवला, नारळ फोडला. अंजनाबाई हळदीकुंकवाची थाळी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. दामूअण्णांची बायको माहेरी गेली होती.

"ताई, स्वस्तिक तुमी काढा," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी सवाष्ण हायेत. माझ्या हातचं चालत नाय."

पॉलिहाऊस त्यांचं, हट्ट त्यांचा, जमीन त्यांची, आणि कुंकू लावणार मी. हे मला पटलं नव्हतं. पण पूर्वेकडची शेवग्याची पानं हलायला लागली होती, म्हणून मी वाद घातला नाही. थाळी घेतली, रोलची जी बाजू वर होती तिच्यावर ऐसपैस स्वस्तिक काढलं. ती छापील, म्हणजे आत जायची बाजू होती. मी पाहिलंही नाही.

बशीरभाईच्या माणसांनी पहिली पट्टी उलगडली. आतली बाजू खाली जावी म्हणून ते ती पालटणार, तेवढ्यात दामूअण्णा ओरडले.

"ओ, थांबा! स्वस्तिक पालथं घालता का?"

"अण्णा, ये बाजू आत जाती," बशीरभाई म्हणाला.

"आत-बाहेर तुमचं तुमी बघा. कुंकवाचं तोंड आभाळाकडं पायजे. हितं पहिल्याच दिवशी देव पालथा घालायचा?"

माणसं कागद धरून थांबली. बशीरभाईनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, बोला लवकर. हवा सुटनेवाली है."

त्या क्षणी मी काय विचार केला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. काहीच केला नाही. घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "ओढा."

पहिली पट्टी जशी गेली तशाच उरलेल्या चार गेल्या. साडेनऊला वारा उठला तोपर्यंत कागद ताणून बसला होता. दामूअण्णांनी सगळ्यांना पेढे वाटले.

डिसेंबरच्या मध्याला शेजारच्यांच्या फोनवरून अंजनाबाईंचा फोन आला. "ताई, आभाळ कोरडं ठाक हाय आन् माझ्या घरात पाऊस पडतोय."

मी जे कुणीही सांगितलं असतं ते सांगितलं. पडदे जरा लवकर उघडा, हवा खेळू द्या, पाणी सकाळीच द्या. त्यांनी सगळं अगदी सांगितल्याबरहुकूम केलं. दहा दिवसांनी पुन्हा फोन. आता त्यांच्या आवाजात तक्रारही उरली नव्हती. "कळ्या सडाया लागल्या, ताई."

मी सकाळीच गेले. आत पाऊल टाकलं तर चष्म्यावर टप्पकन थेंब. वर पाहिलं तर सगळ्या कागदावर हजारो थेंब लोंबत होते. सूर्य नुकताच वर आला होता आणि प्रत्येक थेंबात एकेक सूर्य होता. इतकं सुंदर दृश्य आणि इतकी वाईट बातमी मी एकत्र कधी पाहिली नाही. पहिल्या पट्टीवर लालसर स्वस्तिक दिसत होतं. मी काठावरची छापील ओळ शोधली. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होती.

अंजनाबाई मागे उभ्या होत्या. ओच्यात सडक्या कळ्या. मी त्यांना सगळं सांगितलं. लेप, बाजू, त्या दिवशीची घाई.

त्यांनी वर स्वस्तिकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजी कुंकवानं झालं?"

"कुंकवानं नाही. मी केलं. मला माहीत होतं, तरी 'ओढा' म्हटलं."

त्यांनी ओच्यातल्या कळ्या खाली टाकल्या आणि वाफ्याच्या कडेला बसल्या. "आन् मला वाटलं, माझ्या पायगुणानं. समदे तेच म्हनत होते. रोपं मी लावली ना हातानं."

माझ्या नोकरीत मला बरंच काही ऐकून घ्यावं लागलं. त्या वाक्याइतकं दुसरं काही लागलं नाही.

आमचे साहेब म्हणाले, "हवा खेळत नाही असं लिहा ना रिपोर्टात. बाजू कोण बघतंय?" मी लिहिलं, पर्यवेक्षकाच्या चुकीमुळे कागद उलटा बसला, पालटून देणे आवश्यक. खाली सही केली. साहेब पुढचे दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते बरंच झालं.

दामूअण्णांना सांगायला मी स्वतः गेले. ते बागेत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी आता खाली-वर करत बसा. माझी अट फेब्रुवारीची हाय." चूक त्यांच्या आग्रहातून सुरू झाली हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पण तसं म्हणणारा तो माणूस नव्हता, आणि मीही म्हटलं नाही. 'ओढा' मी म्हटलं होतं.

जानेवारीत कागद पालटायला घेतला. पश्चिमेकडच्या दोन पट्ट्या सोडवून जमिनीवर घेतल्या. त्या पालटून चढवायच्या आणि मगच पुढच्या तीन पट्ट्यांना हात लावायचा, असा बेत. पण उत्तरेकडून वारा आला, तोही वेळेआधी. एक पट्टी माणसांच्या हातातून सुटली आणि शेजारच्या द्राक्षबागेच्या लोखंडी अँगलवर जाऊन उभी फाटली. दुसरीलाही भोकं पडली. बशीरभाईनं फाटकी पट्टी आणून उघड्या आणि झाकलेल्या भागाच्या मधोमध पडद्यासारखी टांगली. म्हणजे वीस गुंठ्यांच्या त्या घराचे दोन भाग झाले. तीन पट्ट्यांखाली गुलाब झाकलेला, दोन पट्ट्यांचा गुलाब उघडा. नवा रोल नाशिकहून आणायला हवा होता. मी संध्याकाळी निघाले तेव्हा वारा पार पडला होता आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. निफाडकडच्या माणसाला अशा आभाळाची भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोत रोल घालून निघाले. नाशिकच्या द्वारका चौकात एरवी पहाटेही गर्दी असते, त्या दिवशी हमाल शेकोट्यांभोवती घट्ट बसलेले. निफाड जवळ आलं तसा दोन्ही बाजूंच्या बागांवर धूर दिसायला लागला. कडाक्याची थंडी पडली की द्राक्षवाले बागेत जागोजागी जाळ करतात, नाहीतर मणी तडकतात. सगळ्या शिवारावर कमरेएवढ्या उंचीचा धुराचा थर पसरला होता आणि तो हलत नव्हता.

अंजनाबाई बांधावरच उभ्या होत्या. त्यांनी हातानं बोलावलं.

उघड्या भागातला प्रत्येक गुलाब पांढरा झाला होता. पानांच्या कडांवर, काट्यांवर, कळ्यांवर साखर भुरभुरल्यासारखं हिम. रात्री त्यांनी जुन्या साड्या आणि बारदानं टाकली होती, ती लाकडासारखी ताठ झाली होती. मी मधला फाटका कागद बाजूला केला आणि पलीकडे पाय टाकला. चष्मा पांढरा झाला. पुसला. समोर हिरवीगार झाडं, ओली, ताठ. लालबुंद कळ्या. एकाच वाफ्याचा अलीकडचा निम्मा भाग पांढरा आणि पलीकडचा हिरवा, मध्ये सरळ रेघ. कुणी दोरी लावून आखल्यासारखी.

दोन्हीकडे मी तापमापक टांगून गेले होते. उघड्याकडे पारा दोनवर उतरून गेला होता (मोकळ्या आभाळाखाली पान हवेहूनही गार पडतं), झाकलेल्या भागात सहापर्यंत. चार अंशांचा फरक. एवढ्यावर झाडाचं जगणं-मरणं ठरलं होतं.

तेवढ्यात दामूअण्णा आले. रात्रभर जाळापाशी असल्यानं तोंड काजळीनं काळं, डोळे लाल. त्यांनी आधी पांढऱ्या पानाला बोट लावलं. मग रेघ ओलांडून आत आले. हिरव्या पानाला बोट लावलं. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. पहिल्या दिवशी मीही हेच केलं होतं.

"हितं काय जाळलं गं?" त्यांनी अंजनाबाईंना विचारलं.

"काय नाय, अण्णा. पडदे खाली सोडले."

"मी दोन ट्रॉल्या लाकूड जाळलं रातभर. तरी वरच्या अंगाचे मणी तडकले. मंग हितं ऊब आली कुठनं, मॅडम?"

"आली नाही, अण्णा. होतीच. दिवसा उन्हानं जमीन तापते. रात्री तीच ऊब जमिनीतून वर निघून जाते. आभाळ मोकळं असलं की अडवायला कुणी नसतं. इथे कागदानं अडवली, आणि ह्यांनी." मी वर बोट केलं.

त्यांनी वर पाहिलं. "ह्या थेंबांनी? ज्यांनी कळ्या सडवल्या?"

"त्यांनीच. एकटा कागद बरीचशी ऊब जाऊ देतो. पाण्याचे थेंब ती जाऊ देत नाहीत. ढगाळ रात्री तुम्हाला बागेत जाळ करावा लागतो का?"

ते थांबले. "ढगाळ रातीला कुनी करत नाय. आज्यापासून माहीत हाय." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हंजी ढग बी असाच कागद."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ शिकल्यासवरल्या माणसांना ऐकवलं आहे. पुढे एका चर्चासत्रात एका प्राध्यापकांनी फळ्यावर पृथ्वी काढली आणि हरितगृह परिणाम समजावला. पृथ्वीभोवती हवेत वाफ असते, कार्बन डायऑक्साइड असतो, ते जमिनीची परत जाणारी ऊब अडवतात. तेवढी अडवली नसती तर सगळी पृथ्वी गोठलेली राहिली असती. इतर लोक वहीत उतरवून घेत होते, माझ्या डोळ्यांसमोर ती पांढरी-हिरवी रेघ होती. व्यवसायाला धरून एक दुरुस्ती मात्र मी तिथे उठून सांगितली. पॉलिहाऊस दिवसा तापतं ते मुख्यतः गरम हवा आत कोंडली जाते म्हणून, पृथ्वीचं तसं नाही. नाव थोडं चुकलेलं आहे. रात्रीची गोष्ट मात्र तीच आहे. प्राध्यापक म्हणाले, बरोबर. मी बसले, आणि बसल्यावर मला जरा घाबरल्यासारखं झालं. आपण ज्याच्या आत आहोत ते केवढं मोठं आहे, आणि जाडीला केवढंसं!

अंजनाबाईंना मी पुढे कधीतरी हेही सांगितलं, की आता धुरानं आणि इंधनानं ते वरचं पांघरूण जाड होत चाललंय, त्याच्या आत पृथ्वी तापतेय. त्या खुडणी करत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "मंग पडदे वर करा की. हँडल कुठं हाय तिचं?"

मी सोळा वर्षं लोकांना हँडल दाखवलं. ह्या एका ठिकाणी मला दाखवता आलं नाही.

तर, ती सकाळ. वारा अजून नव्हता. बशीरभाई म्हणाला, "मॅडम, आता किंवा उद्या." विटांवर रोल ठेवला. अंजनाबाईंनी थाळी आणली आणि सवयीनं माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतले.

"तुम्ही काढा. माझ्या हातचं काय होतं ते पाहिलंत."

त्यांनी दामूअण्णांकडे पाहिलं. अण्णांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. "काढ गं," ते म्हणाले. "कागद तुझा हाय."

अंजनाबाईंनी कुंकवात बोट बुडवलं. "कोणती बाजू, ताई?"

"छापलेली. आत जाईल ती."

"म्हंजी पालथंच पडंल," अण्णा पुटपुटले. त्यांना राहवलं नाही.

"पालथं कसं, अण्णा? वरनं झाडांकडं बघंल." त्या काढत राहिल्या. रेघा वाकड्या आल्या.

बशीरभाईनं कागद चढवला, आत गेला आणि मान वर करून काठावरची ओळ एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचली. मग म्हणाला, "सुलट."

पुढच्या दोन दिवसांत उरलेल्या तिन्ही पट्ट्याही पालटून झाल्या. उघड्या राहिलेल्या भागातली कोवळी फूट काळी पडली होती. ती छाटली, तिथे फुलं मार्च उजाडेपर्यंत आली नाहीत. तीन पट्ट्यांखालची मात्र फेब्रुवारीत बाजारात गेली. खोकी दामूअण्णांच्याच जीपमधून गेली. द्राक्षाचे खुंट त्यांनी दुसऱ्या शेतात लावले.

कागद तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो. बदलून झाल्यावर मी गेले तर जुनी पट्टी घडी घालून ठेवलेली, आणि त्यांच्या हातच्या स्वस्तिकाचा भाग कापून घेतलेला. विचारलं तर अंजनाबाईंनी गोठ्याकडे नेलं. नव्या वासराच्या डोक्यावर त्यांनी त्याचं छप्पर केलं होतं. स्वस्तिकाचं तोंड आत, वासराकडे.

मी वाकून आत गेले. काठावरची ओळ फिकी झाली होती, तरी सुलट वाचता येत होती. मी वाचून पाहिली.